मजकुराची जागा

त्या मंगळवारी मी मंडईतून एक पपई आणली. कॉलेजच्या ग्रंथालयातून सुटल्यावर मंडईत जायचं, काहीतरी एक फळ घ्यायचं आणि पिशवी सांभाळत नारायण पेठेत घरी यायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम होता. जिना चढून वर आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. पपई टेबलावर ठेवली तसे म्हणाले, "अशी नको. देठ माझ्याकडं कर."

मी देठ त्यांच्याकडं केला.

"थोडी तिरकी."

"बाबा, हिला काय बघायला येणारेत का कुणी?"

"मी आलोय की," ते म्हणाले. "हां. आता बरी बसली."

बाबांनी चित्र काढणं सोडून काही वर्षं झाली होती. हात थरथरायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशीत सांडायचा. पण घरात फळ आलं की ते आधी टेबलावर बसणार, खिडकीच्या उजेडात, निळ्या काठाच्या एनॅमलच्या बशीत, हे काही बदललं नाही. बाबा, म्हणजे दीनानाथ, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचे. पन्नासएक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. आणि चित्र पुरं होईपर्यंत समोरच्या फळाला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता. ताजं सीताफळ कसं लागतं हे मला आणि माझ्या मोठ्या भावाला शेजारी गेल्यावर कळलं. आई म्हणायची, "आपल्याकडं फळं पिकत नाहीत, रिटायर होतात."

"चिरू का?" मी विचारलं.

"उद्या. आज तिचा पहिलाच दिवस आहे."

मी कुकर लावला. पाठ दुखत होती, म्हणून ओट्याला टेकून उभी राहिले. बाबांना पोळी दुधात कुस्करून लागायची, भात मऊ लागायचा, गोळ्या जेवणाआधीच्या वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या. हे सगळं मी आता न बघता करू शकत होते, जसं काही लोक न बघता विणतात. जेवण झालं. त्यांच्या हातात दुधाचा पेला देऊन मी समोर बसले.

"तुला अडकवलं मी, पद्मा," ते म्हणाले.

हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत. हवा बदलल्यासारखी वाटते, असं म्हणावं तशा आवाजात. मी त्याला उत्तर कधी दिलं नव्हतं. कधी म्हणायचे, औषध घेतलंत का. कधी, पंखा कमी करू का. त्या दिवशी मी म्हणाले, "दूध गार होतंय."

त्यांनी दूध संपवलं. मी पेला विसळून पालथा घातला.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते. खिडकीकडं कूस केलेली होती. टेबलावर पपई तशीच होती, देठ त्यांच्याकडं करून.

*

लोक येत राहिले. माझा भाऊ श्रीनिवास, मी त्याला दादा म्हणते, कोथरूडहून वहिनीला घेऊन आला आणि दिवसकार्य होईपर्यंत राहिला. सतरंज्या आल्या, शेजाऱ्यांकडून पिठलं-भात आला. तिसऱ्या दिवशी समोरच्या आनंदीकाकूंनी ती पपई चिरली. "अगं, वाया गेली असती. आणि गोड निघाली हो," असं म्हणत त्यांनी सगळ्यांना दोन-दोन फोडी वाटल्या. माझ्याही हातावर ठेवल्या. मी खाल्ल्या. खरंच गोड होती. आमच्या घरात बाबांच्या परवानगीशिवाय खाल्लं गेलेलं ते बहुधा पहिलंच फळ.

"बापासाठी आयुष्य वेचलंस गं बाई," काकू म्हणाल्या. "आजकाल मुलगेसुद्धा करत नाहीत." हे शेवटचं दादाकडं बघून.

"काकू, मी इथंच बसलोय," दादा म्हणाला.

"बसलायस ना? मग ऐकू आलं असेल."

मी उठून चहाचं आधण ठेवायला गेले. दुःखाच्या दिवसांत स्वयंपाकघराचा एवढा उपयोग असतो.

काकू म्हणाल्या ते सगळेच म्हणत होते, आणि आज नव्हे, वीस वर्षं म्हणत होते. एकोणीसशे नव्वद साली दिल्लीच्या एका संस्थेनं मला मुलांच्या पुस्तकांचं संपादन करायला बोलावलं होतं. मी गेले नाही. आई माझ्या लहानपणीच गेलेली, दादा तेव्हा नोकरीसाठी नाशिकला, घरी बाबा एकटे. लोकांनी अर्थ लावला आणि तो कुणाला चुकीचा वाटायचं कारण नव्हतं.

खरी गोष्ट साधी होती. मला जायचंच नव्हतं.

बाबांच्या कामाची एक पद्धत होती. प्रकाशकाकडून मजकूर यायचा; बैलाची गोष्ट, पावट्याची गोष्ट, रुसलेल्या घड्याळाची गोष्ट. मजकूर किती ओळींचा आहे ते बघून बाबा चित्राच्या कागदावर तेवढी जागा मोकळी सोडायचे, बहुतेक वेळा वरच्या बाजूला, आणि तिथं अगदी फिकट पेन्सिलीनं तेवढ्या ओळी आखून ठेवायचे. छापताना अक्षरं तिथं बसायची. मूळ चित्रात मात्र ती जागा कोरीच राहायची. "ही जागा माझी नाही," ते म्हणत. "मी फक्त धरून ठेवलीय, बसमध्ये रुमाल टाकतात तशी." चित्र ओलं असतानाच ते मला त्याच्यासमोर उभं करायचे. हातात मजकुराचा कागद द्यायचे. "वाच. मोठ्यानं. चित्राला ऐकू गेलं पाहिजे."

मी वाचायचे. चित्र आणि शब्द एकमेकांना धरून आहेत असं वाटलं की बाबा म्हणायचे, "बसलं." नाही वाटलं तर कधी चित्र बदलायचे, कधी प्रकाशकाला फोन करून लेखकाचे शब्द कमी करायला सांगायचे. लेखक चिडत. बाबा शांतपणे म्हणत, "अहो, तुमची गाय दोन ओळींत मावते. तिला चार ओळींचा गोठा कशाला?"

सहा-सात वर्षांची असल्यापासून ते त्यांच्या शेवटच्या पुस्तकापर्यंत मी वाचत आले. नंतर मी पुष्कळ वाचलं, मोठमोठी पुस्तकं वाचली, त्यांतली काही जन्मभर पुरतील अशी होती. पण वाचणं म्हणजे काय हे मला त्या ओल्या कागदासमोर कळलं होतं. त्या वाचनाच्या संध्याकाळी सोडून मला कुठंही जायचं नव्हतं. हे आज सांगितलं तर कुणालाही पटेल. तेव्हा सव्वीस वर्षांच्या, चांगल्या शिकलेल्या मुलीनं म्हणायचं काय, की दिल्ली नको, मला घरी उभं राहून बैलाची गोष्ट मोठ्यानं वाचायची आहे? मला ते बोलायचा संकोच वाटला. लोकांनी त्याला कर्तव्य म्हटलं. ते ऐकायला बरं होतं, मी ते तसंच राहू दिलं.

बाबांनी मात्र ते खरं मानलं.

आणि मग ते सांगायची वेळ सरकतच गेली. शेवटची वर्षं जड गेली, ते लपवण्यात अर्थ नाही. त्यांना उठवायचं, अंघोळीला न्यायचं, रजा मागायच्या, रजा संपल्या की पुन्हा मागायच्या. मी दमलेली असायचे आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार. दमलेल्या माणसानं "मला इथं राहायला आवडतं" म्हटलं तर कोण खरं मानेल? समजूत घालतेय असंच त्यांना वाटलं असतं. जरा विश्रांती मिळाली, आवाज जरा ताजा झाला, की सांगू, असं मी ठरवलं होतं. विश्रांती आता मिळाली होती.

*

मार्चच्या शेवटी शरच्चंद्रांचा फोन आला. बाबांची निम्मी पुस्तकं शरच्चंद्रांच्या वडिलांनी प्रकाशित केलेली; आता प्रकाशन तेच बघतात. टिळक रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात बाबांच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या मनात होतं. "पुस्तकं सगळ्यांनी पाहिलीत हो, पद्माताई. पण मूळ जलरंग कुणी पाहिलेत? तुमच्याकडं काय आहे?"

फारसं नव्हतं. त्या काळात मूळ चित्रं कुणी परत मागत नसे. आमच्या ट्रंकेत चार निघाली. एक शिंग हरवलेला बैल, चिडका पेरू, पावसात अडकलेली बस आणि आजोबांच्या चपलेत झोपलेलं मांजर. एका रविवारी शरच्चंद्र ती बघायला आले. दादाही आला होता. चारी चित्रं पाहून, चहा पिऊन ते निघाले आणि दाराकडं जाताना बोळात थांबले. तिथं, विजेच्या मीटरच्या वर, एक चित्र टांगलेलं होतं.

"हे कोणत्या पुस्तकातलं?"

"कुठल्याच नाही," दादा म्हणाला. "ते त्यांनी असंच काढलं होतं."

ते चौऱ्याहत्तर सालचं चित्र. त्या उन्हाळ्यात आई दवाखान्यात होती, आणि मग गेली. बाबा तिकडचं सामान कापडी पिशवीतून घरी घेऊन आले आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली. लाल थर्मास. स्टीलचा डबा, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं, सौ. मनोरमा, लग्नातल्या सगळ्या भांड्यांवर असायचं तसं. एक चमचा. आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली, तिनं न खाल्लेली मोसंबी. ती बाबांनी निळ्या काठाच्या बशीत ठेवली. कुणी काही हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी कागद ताणून फळीवर चिकटवला आणि रंगाचं पाणी घेऊन बसले.

त्यांच्या पुस्तकांतल्या फळांना डोळे असायचे. पेरू चिडायचे, आंबे लाजायचे, केळी आपापसात कुजबुजायची. या मोसंब्यांना काहीच नव्हतं. मी दहा वर्षांची होते. मागं उभं राहून मी विचारलं, "बाबा, यांना डोळे का नाहीत?"

"आज त्यांना सुट्टी आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी ब्रश धुऊन ठेवला तेव्हा नियमाप्रमाणं आम्ही ती मोसंबी खाल्ली. बाबांनीच सोलली. साल वाळून चामड्यासारखी झाली होती, पण आत रस होता. आम्ही तिघांनी ती खाल्ली आणि बिया त्याच बशीत टाकल्या.

मला मात्र त्यांनी त्या चित्रासमोर उभं केलं नाही. वाचायला काही नव्हतंच. चित्राचा वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोरा राहिला होता. आत्या-मावश्या विचारायच्या, "अरे दीनानाथ, हे अपुरंच ठेवलंस?" बाबा म्हणायचे, "असू दे." बोळात उजेड कमी, काच वर्षानुवर्षं पिवळी होत गेलेली. मीटरचे आकडे बघणाऱ्या माणसाखेरीज त्या भिंतीकडं कुणी निरखून बघत नव्हतं.

शरच्चंद्र बघत राहिले. "काय सुंदर आहे हो. हा डब्यावरचा उजेड. हे द्याच. पण अपुरं राहिलंय का?"

"हो. आई गेली तेव्हाचं," दादा म्हणाला. "पुढं त्यांचा हात लागला नसेल."

"साहजिक आहे. मग असं करू, चारी बाजूंनी पुठ्ठ्याची पट्टी लावतात ना, ती वरून रुंद घेऊ. रिकामा भाग झाकला जाईल. चित्र भरल्यासारखं दिसेल."

"झाकायचं कशाला, सरळ कापून घ्या की," दादा म्हणाला. "फ्रेमही आटोपशीर होईल. काय गं पद्मा?"

"बघू," मी म्हणाले.

आमच्याकडं 'बघू' याचा अर्थ ऐकणाऱ्यानं ठरवायचा असतो. दोघांनी हो असा ठरवला. मला त्यावर बोलायचं त्राण नव्हतं. अपुरं चित्र कापलं काय आणि झाकलं काय. जे राहिलं ते राहिलं.

*

जयसिंग यांचं फ्रेमचं दुकान शनिपाराच्या मागच्या गल्लीत आहे. दादानं त्यांना फोनवरून सगळं सांगून ठेवलं होतं. मी फक्त चित्रं पोचवायची होती. पण सुट्टी होती, ऊन होतं, आणि घरी जाऊन करायचं काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले.

त्यांनी बोळातल्या चित्राची जुनी चौकट खोलली. मागचा पुठ्ठा चुरा होऊन पडला. काच बाजूला केली आणि कागद अलगद टेबलावर, दाराच्या उजेडात ठेवला. शेजारी ती चार पुस्तकांतली चित्रं मांडली.

मी सदतीस वर्षांनी ते चित्र काचेशिवाय पाहत होते. मोसंब्यांचा पिवळा अजून ओला वाटत होता. डब्यावर आईच्या नावाचे ठिपके होते. ज्याला ते नाव माहीत आहे त्यालाच वाचता येईल इतके बारीक.

"ताई," जयसिंग म्हणाले, "या चारांचंही वरून झाकायचं का? त्यांनाही वर मोकळंच आहे."

"छे, ती मजकुराची जागा आहे," मी म्हणाले. "ती नाही झाकायची."

असं म्हणून मी चारी चित्रांवरून हात फिरवत आणला आणि पाचव्याशी थांबले.

बाबा मजकुराच्या जागेकडं जाताना ब्रशात नुसतं पाणी घ्यायचे आणि मागचा रंग हळूहळू विरवत न्यायचे. नाहीतर रंग जिथं थांबतो तिथं वाळताना कड धरतो, आणि छापल्यावर ती अक्षरांखाली डागासारखी दिसते. काम अर्धवट सोडलेल्या चित्रात अशा कडा जागोजागी असतात. या चित्रात एकही नव्हती. थर्मासच्या मागचा राखी रंग वर जाता जाता असा विरला होता, की तो कुठं संपला ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

मी चष्मा काढून पदरानं पुसला. कागद थोडा तिरका करून उजेडाकडं धरला.

ओळी होत्या. अगदी फिकट, पेन्सिलीच्या, पट्टीनं आखलेल्या. तीन.

मी परत स्टुलावर बसले. जयसिंग यांनी विचारलं, पाणी हवं का. मी नको म्हणाले.

म्हणजे ते चित्र अपुरं नव्हतंच. ते त्या दिवशीच पुरं झालं होतं; म्हणून तर आम्ही मोसंबी खाल्ली. मी त्या घरात वाढले, तो नियम रोज पाळला, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. चित्र राहिलं असतं तर बाबांनी त्या फळांना हात लावू दिला नसता, ती सुकून खडखडली असती तरी. राहिला होता तो मजकूर.

तो कुणाचा यायचा होता, मला माहीत नाही. आईचा असेल, तिला काही सांगायचं राहून गेलं असेल. त्यांचा स्वतःचा असेल आणि सुचला नसेल. बाबांना चित्रं यायची, शब्द नेहमी दुसरे कुणीतरी पाठवायचे. एवढं मात्र दिसत होतं, की हातातलं सगळं संपल्यावर, आई गेल्याच्या त्या आठवड्यात, त्यांनी पट्टी घेऊन तीन ओळी आखल्या होत्या आणि कुणासाठी तरी जागा धरून ठेवली होती.

"जयसिंगराव, यातलं काही कापायचं नाही. झाकायचंही नाही."

"तुमच्या भावानं तर सांगितलंय..."

"भावाशी मी बोलते."

"वर रिकामं दिसेल हं. नंतर माझ्या नावानं नको."

"तुमच्या नावानं काही नाही. दिसू दे."

घरी आल्यावर मी दादाला फोन केला.

"अगं पण लोक विचारतील, अपुरं चित्र का टांगलं म्हणून."

"अपुरं नाहीये ते. मजकूर यायचाय."

तो म्हणाला, "पद्मा, तू जेवतेस ना वेळेवर? इकडं येऊन राहा चार दिवस."

"दादा, ओळी आखल्यात. त्यांच्या नेहमीसारख्या. मी पाहिल्या."

मागं त्यांच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता. कुणीतरी तो बंद केला.

"आईचा डबा आहे ना त्यात?" त्यानं विचारलं.

"हो. नावासकट."

"तो आमच्याकडं आहे. तुझी वहिनी तूरडाळ ठेवते त्यात." मग म्हणाला, "बरं. राहू दे मग तसंच. मी शरच्चंद्रांना सांगतो. तू नको सांगूस, तू त्यांना दुखावशील."

*

प्रदर्शनाआधीचे ते दिवस मी तीन ओळींत काय बसतं ते बघत होते. पुस्तकांना नंबर घालताना, मंडईतून येताना, रस्ता ओलांडायला थांबलेली असताना. माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईला वाक्यांचा तोटा नसतो. सुंदर वाक्यं सुचत, दुसऱ्या कुणाचीतरी असल्यासारखी. पहिली तर पानभर झाली. मग मी शब्द काढत गेले. चौथी ओळ झाली की बाबांचा आवाज ऐकू यायचा, गाय दोन ओळींत मावते. दमले होते हे लिहायचं का, यावर मी बराच वेळ घालवला. ते खरं होतं. पण ते त्यांना माहीत होतं. जे माहीत होतं त्याला जागा द्यायची गरज नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. शरच्चंद्रांनी चित्रं मुद्दाम खाली लावली होती, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठ्यांना वाकून बघावं लागणार होतं. बैल होता, पेरू होता, बस होती, मांजर होतं, इतरांकडून मागून आणलेली आणखी काही होती. शेवटच्या भिंतीवर, एकटंच, ते.

शरच्चंद्र हातात छापलेल्या चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. "पद्माताई, इथं काय लावू? 'मोसंबी आणि डबा' लिहू? खाली कंसात 'अपूर्ण'?"

"वर्ष लावा. बाकी काही नको."

"लोक विचारतील हो."

"विचारू देत. मी इथंच उभी आहे."

"दीनानाथांची मुलगी शोभता," ते म्हणाले. त्यांनी चिठ्ठ्या खिशात घातल्या. "मी जरा समईचं तेल घेऊन येतो. चहा सांगू का?"

"सांगा. साखर कमी."

ते गेले. सभागृहात झाडलोट झाली होती, खुर्च्या अजून घडी करून भिंतीशी होत्या. बाहेरून टिळक रस्त्याची वाहतूक ऐकू येत होती. मी चित्रासमोर गेले. बाबा मला उभं करायचे तितक्याच अंतरावर उभी राहिले. चित्र इतकं खाली होतं, की ते नीट दिसायला मला दहा वर्षांचं व्हावं लागलं असतं, म्हणून मी एक घडीची खुर्ची ओढली, उघडली आणि बसले. मोसंबी तशीच होती, थंड, डोळे नसलेली. डब्यावर आईचं नाव होतं. वर तीन ओळी होत्या. काचेमागं त्या दिसत नव्हत्या, पण आता मला त्यांची जागा पाठ होती.

हातात कागद नव्हता. पहिल्यांदा आवाज फार हळू आला. सकाळपासून मी फारसं कुणाशी बोलले नव्हते. मला माहीत होतं की तेवढ्यानं भागत नाही. चित्राला ऐकू गेलं पाहिजे. मी घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि मोठ्यानं वाचलं.

"बाबा, तुम्ही मला अडकवलं नाहीत.

दिल्लीला मला जायचंच नव्हतं.

मला तुमच्याजवळ राहायला आवडत होतं, म्हणून मी राहिले."